हॉलंडला जाऊन आलेल्या बाई

मी हॉलंडला जाऊन आले आहे, असं एका शनिवारी सकाळी मी तिसरी-चौथीच्या एकोणीस मुलांना सांगितलं. तोपर्यंतचा माझा सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे तिरुपती. तोही सासूबाईंच्या नवसापायी, आणि त्यातला बराचसा वेळ त्यांच्या हरवलेल्या चपला शोधण्यात गेला होता.

आमची शाळा अलिबाग तालुक्यातल्या खारेपाटात आहे. दोन खोल्या आणि दोन शिक्षक, एक मी आणि एक मुख्याध्यापक गुरुजी. समोर भातशेती, तिच्यापलीकडे मातीचा लांबच लांब बांध आणि बांधापलीकडे खाडी. भरतीला खाडीचं पाणी आमच्या शेतांपेक्षा वर चढतं. मधे तो बांध आहे म्हणून आम्ही भात खातो, नाहीतर मीठच खाल्लं असतं. उधाणात बांधाला खांड गेली, म्हणजे भगदाड पडलं, की घरटी एक माणूस घमेलं-फावडं घेऊन बांधावर हजर व्हायचा. आजही बोलावणं आलं की लोक येतात, फक्त आता काहीजण येताना मोबाईलवर बोलत येतात.

शनिवारी मुलांनी दप्तर आणायचं नाही असं ठरलं, तेव्हा त्या दिवशी करायचं काय हा प्रश्न आला. मी उत्साहानं म्हटलं, आपण दर शनिवारी एक देश शिकू. तिथली माणसं काय खातात, काय नेसतात, कुठले सण करतात. गुरुजी म्हणाले, करा. गुरुजी कशालाही करा म्हणतात, पुढे विचारायला येत नाहीत.

मला वाटलं होतं, खेड्यातली पोरं, डोळे मोठे करून ऐकतील. पण यांच्यातल्या निम्म्यांचे बाप रेवसहून लाँच पकडून पलीकडे उरणच्या बंदरात ट्रेलर चालवायला जातात, आणि दोघांचे काका जहाजावर. मी ब्राझीलच्या कार्निव्हलचं वर्णन अर्ध्यावर आणलं की मागून कोणीतरी म्हणायचं, "बाई, माझा काका तिथं गेल्ता. तीन दिवस जहाजावरच बसून होता. खाली उतरूच दिला न्हाय." की कार्निव्हल संपला. सगळे त्या काकाबद्दल हळहळत बसायचे.

त्या शनिवारी घरचा गॅस संपला होता, स्कूटी सुरू झाली नव्हती आणि मी अर्धा रस्ता चालत आले होते. मी सिंगापूर सुरू केलं, तर चौथीतल्या एका मुलानं हात वर केला. हा मुलगा म्हणजे आमच्या वर्गाचा वकील. नागावला त्याच्या आत्याचं होमस्टे आहे, सुट्टीत तो तिथे असतो आणि पर्यटकांची उलटतपासणी घेऊन तयार झालेला आहे.

"बाई, तुम्ही कंच्या देशात गेलेल्या?"

प्रश्न साधा होता. पण त्याच्या चेहऱ्यावर उत्तर आधीच माहीत असल्याचा जो भाव होता, तो मला सहन झाला नाही. समोर भिंतीवर पवनचक्कीचं चित्र चिकटवलेलं होतं.

"हॉलंडला," मी म्हणाले.

वर्ग गार. वकीलसुद्धा खाली बसला. त्या शांततेची काय गोडी होती म्हणून सांगू! बारा वर्षांच्या नोकरीत माझ्या कुठल्याही वाक्याला एवढा मान मिळाला नव्हता.

"कवा?"

"लग्नाआधी." म्हणजे माझ्या नवऱ्याला विचारायला जायची सोय नको.

"इमानात खायला देतात?"

"देतात."

"काय?"

"उपमा."

पुढे तो देश कसा आहे ते सांगणं भाग होतं. हॉलंडबद्दल मला जे ठाऊक होतं ते एका मिनिटात संपलं. पवनचक्क्या, फुलं, गाई, सायकली. शेवटी आठवलं म्हणून सांगितलं की तिथली जमीन समुद्रापेक्षा खाली आहे आणि पाणी अडवायला बांध घातलेत.

"बांध?" पहिल्या बाकावरची मुलगी पुढे सरसावली. "आपल्यासारका?"

"अगदी आपल्यासारखा."

इथेच थांबायला हवं होतं. पण एकोणीस पोरं एकदम प्रश्न विचारायला लागली, आणि बांधाबद्दलच्या कुठल्याही प्रश्नाचं उत्तर मला झोपेतून उठवलं तरी येतं. ओहोटीला आतलं पाणी बाहेर सोडायचं आणि भरती आली की बंद करायचं ते लाकडी दार, आमच्याकडे त्याला उघाडी म्हणतात. तिथे उघाडी आहे का? आहे. कोण उघडतं? एक आजोबा आहेत. त्यांना ऐकू कमी येतं का? हो, येतं. कारण आमच्या उघाडीवरच्या आजोबांना येतं. खांड गेली तर? घरटी एक माणूस. राजाच्या घरचापण? हो, राजाच्या घरचापण. घमेलं घेऊन.

"आनि चिंबोऱ्या? त्या बांध पोखरीत न्हायत?"

चिंबोऱ्या म्हणजे खेकडे. बांधाला बिळं पाडून त्याची वाट लावणारे आमचे जुने दुश्मन, आणि रविवारचं कालवण. "पोखरतात की," मी म्हणाले. "म्हणून तर तिथे शाळेला आठवड्यातून एक दिवस सुट्टी असते. सगळी मुलं बांधावर जाऊन चिंबोऱ्या पकडतात."

घंटा झाली तेव्हा मुलं वर्गाबाहेर जायला तयार नव्हती. असा शनिवार माझ्या आयुष्यात पुन्हा आलेला नाही.

पुढच्या गुरुवारी वर्गात सात मुलं होती. बाकीची बारा बांधावर, तारेच्या आकड्या घेऊन, हॉलंडच्या नियमाप्रमाणे. संध्याकाळी एक आई शाळेत आली. मला वाटलं भांडायला आली. तर ती म्हणाली, "बाई, ह्यो नियम चांगला हाय. गुरवारऐवजी शनवार करा, बाजाराला बरा पडतो." जाताना चार चिंबोऱ्या देऊन गेली. मी त्या घेतल्या आणि खाल्ल्यासुद्धा. हे कबूल करायचंच आहे तर सगळंच करते.

मला पहिला धक्का दिला तो पहिल्या बाकावरच्या मुलीनं. तिसरीतली, दोन घट्ट वेण्यांची, बोलायला कमी. तिचा बाप ट्रेलर चालवतो आणि घरी असला की त्याचा मोबाईल तिच्या हातात असतो. इंग्रजी कार्टून बघून बघून तिला माझ्यापेक्षा बरं इंग्रजी कळायला लागलं होतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. खिचडीच्या सुट्टीत ताटली हातात धरून ती माझ्याजवळ आली.

"बाई, मी बापसाच्या मोबाईलवर हॉलंड बघितला. बांधावर लोक सायकली चालवतात. चिंबोरी कोन पकडीत न्हवता."

"तो दिवस सुट्टीचा नसेल," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. मग "व्हय" म्हणाली आणि खिचडी खायला गेली. ते "व्हय" मला घाबरवून गेलं. मला भीती नोकरीची नव्हती. पण ही पोरं माझा शब्द खरा मानतात. गावात दुसरं कोण त्यांना सांगायला आहे की पृथ्वी गोल आहे आणि सापाच्या विषाला मंत्रानं उतार पडत नाही, दवाखाना गाठावा लागतो? हॉलंड खोटं ठरलं तर उद्या मी सूर्य पूर्वेला उगवतो म्हटलं तरी म्हणतील, बघून सांगतो.

मी मनाशी ठरवलं, हा विषय आता काढायचाच नाही. हळूहळू विसरतील. जानेवारी उजाडला, मुलं पतंगात गुंतली, मी जरा सैल झाले. आणि एका सोमवारी वकील धापा टाकत आला.

"बाई! आत्याकडं हॉलंडची म्याडम आलीया! पक्षी बघते दुर्बिनीतून. मी तिला सांगितलं, आमच्या बाई तुमच्याकडं जाऊन आल्यात. पन तिला मराठी कलत न्हाय. आत्या म्हनली, शनवारी शालेत घेऊन येते!"

माझी पाचावर धारण बसली. गुरुजींना मात्र आनंदाचं भरतं आलं. त्यांनी फलक लिहायला घेतला, रांगोळीचं सामान आणवलं, शाळा समितीच्या अध्यक्षांना कळवलं. आमच्या खारेपाटात एखाद्याचा मान ठेवायचा तर तळ्यात वाढवलेला जिताडा मासा देतात. कितीतरी साहेबांच्या सह्या या माशानं मिळवून दिल्या आहेत. अध्यक्षांनी शुक्रवारीच एक चांगला हातभर जिताडा आत्याकडे पोचवला, पाहुणीच्या जेवणासाठी. "इंग्रजीचं तुम्ही बघा," गुरुजी मला म्हणाले. "तुम्हाला काय, तुम्ही तिकडे जाऊन आलात." त्यांनाही मुलांनी सांगितलं होतं, आणि त्यांनी नेहमीप्रमाणे पुढे विचारलं नव्हतं.

शेवटी मला एक गोष्ट सुचली. गुरुजींचं इंग्रजी फलकापुरतं, तेव्हा दुभाषी मीच. म्हणजे प्रश्नही माझ्या हातात, उत्तरंही.

आत्या बाहेर चहाच्या तयारीला लागली आणि पाहुणी वर्गात आली. साठीची, उंच, कापडी टोपी, बुटांना घोट्यापर्यंत चिखल. आमच्या छोट्या बाकावर बसली तेव्हा तिचे गुडघे हनुवटीला लागले. मुलांनी स्वागतगीत म्हटलं, तिनं टाळ्या वाजवल्या, आणि वकिलानं पहिला प्रश्न टाकला.

"खांड गेली की राजाच्या घरचा मानूस बांधावर येतो का?"

मी इंग्रजीत विचारलं, "तुमच्याकडे राजा आहे का?"

"हो, हो," ती मान डोलावत म्हणाली.

"बघा," मी मुलांना म्हणाले. "हो म्हणाल्या." वर्गात समाधानाची कुजबुज झाली. मला घाम फुटला होता, पण खरं सांगायचं तर थोडी मजाही येत होती.

"चिंबोऱ्या पकडायला शालेला सुट्टी असते का?"

मी विचारलं, "मुलांना रविवारी सुट्टी असते ना?"

"असते ना," ती म्हणाली, "आणि बऱ्याच शाळांना बुधवारी दुपारनंतरसुद्धा."

"बुधवार" हा इंग्रजी शब्द सगळ्या पोरांना येतो, वारांचा तक्ता मीच पाठ करून घेतलेला. एकच गिल्ला झाला. बुधवार! बुधवार! गुरुजी फोटो काढायचे थांबून माझ्याकडे संशयानं बघायला लागले.

मग वकील उठून सरळ पाहुणीसमोर जाऊन उभा राहिला. छाती पुढे, हात पाठीमागे. "आमच्या बाई तुमच्या गावाला येऊन गेल्यात. तुम्हाला आठवतात का?"

सगळे माझ्याकडे. मी इंग्रजीत विचारलं, "काल पाठवलेला मासा कसा लागला?"

तिनं दोन्ही हात छातीवर ठेवले. डोळे मिटले. "अप्रतिम! मी कधीच विसरणार नाही!"

"काय म्हनतात? काय म्हनतात?"

"कधीच विसरणार नाही म्हणतात," मी म्हणाले, आणि हे भाषांतर शब्दशः बरोबर होतं.

टाळ्यांनी पत्रे हादरले. वकील मागे वळून सगळ्यांकडे असा बघत होता, जणू हॉलंडला तोच जाऊन आला होता. मला वाटलं, सुटले. आता चहा, फोटो आणि निरोप.

तेवढ्यात पहिल्या बाकावरची मुलगी उभी राहिली. हात वर न करता, मला न विचारता. आणि सरळ पाहुणीशी इंग्रजीत बोलली.

"मॅडम. माय टीचर नॉट गो हॉलंड. शी टेल स्टोरी. व्हेरी गुड स्टोरी."

वर्गाला एवढंच कळलं की आपल्यातली एक इंग्रजी बोलली. त्यांनी तिच्यासाठीही टाळ्या वाजवल्या. गुरुजींनी तिचा फोटो काढला. पाहुणीनं मुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ती हसली नाही, हे तिचे उपकार. हळू, मला समजेल अशा बेतानं तिनं विचारलं, "तुम्ही त्यांना कोणती गोष्ट सांगितलीत?"

"बाई, म्याडम काय बोलल्या?" मागून कोणीतरी ओरडलं.

त्या खोलीत ते वाक्य तिघींना कळलं होतं. पाहुणीला, मला आणि त्या आठ वर्षांच्या पोरीला. ती खाली बसली होती आणि माझ्याकडे न बघता बाकावर बोटानं रेघा ओढत होती. मराठीत बोलली असती तर तिथेच माझा निकाल लागला असता. ती इंग्रजीत बोलली आणि पुढचं माझ्यावर सोडून दिलं. अजूनही मी म्हणू शकले असते, त्यांना आपली शाळा आवडली. जिभेवर आलंही होतं. पण मला लाज वाटली. शिक्षिका म्हणून नाही, तशीच, माणसाला वाटते तशी. ती पोर मला सांभाळून घेत होती, आणि ते काम माझं होतं.

"त्यांनी विचारलं," मी म्हणाले, "की मी तुम्हाला काय काय खोटं सांगितलं."

कोणाला कळेना.

"मी हॉलंडला कधी गेलेली नाही. कुठल्याच देशात गेलेली नाही. त्या दिवशी मला राग आला आणि मी थाप मारली."

मग एकेक वसुली सुरू झाली.

"इमानातला उपमा?"

"खोटा."

"उघाडीवरचा आजा?"

"आपलाच."

"चिंबोऱ्यांची सुट्टी?"

"ती तर नाहीच नाही."

"आनि राजा?"

"राजा आहे. घमेलं खोटं."

दोघी-तिघी हसल्या. वकील हसला नाही. तो अजून पाहुणीसमोरच उभा होता, पण छाती आत गेली होती. "मी आत्याला सांगितलंय," तो म्हणाला. "नागावात सगल्यांना सांगितलंय. होमस्टेवाल्या लोकांना पन." त्याचे डोळे भरले आणि ते दिसू नयेत म्हणून तो खिडकीकडे वळला. मी त्याच्याजवळ जाऊन म्हणाले, चुकले रे, माफ कर. त्यानं मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही. नंतर आठवडाभर तो माझ्याशी कामापुरतंच बोलत होता. त्या आठवड्यात त्याच्या उलटतपासणीसाठी माझे कान आसुसले.

पाहुणी थांबली होती. मी माझ्या मोडक्या इंग्रजीत तिला सगळं सांगितलं, राजा, घमेलं, घरटी एक माणूस. ती लक्ष देऊन ऐकत होती. मग म्हणाली, तिच्या आजोबांच्या आजोबांच्या काळी त्यांच्या गावात असंच होतं. प्रत्येक शेतकऱ्याच्या वाट्याला बांधाचा आपापला तुकडा. वादळात घंटा वाजली की जो येणार नाही त्याला गावात तोंड दाखवायची सोय नसे.

हे मी शब्द न् शब्द मराठीत सांगितलं. पहिला बाक माझ्या ओठांकडे बघत होता, त्यामुळे इकडची वेलांटी तिकडे करायची हिंमत नव्हती.

"म्हंजे घरटी एक मानूस खरा होता!" मागचा एकजण ओरडला. थापा मारता मारता माझ्याकडून एक खरी गोष्ट सांगून झाली होती, आणि आता तिचं श्रेय मागायला मला तोंड उरलं नव्हतं.

मग सगळे मिळून पाहुणीला बांध दाखवायला गेलो. ओहोटी होती, बाहेर चिखल चमकत होता, आत वालाची हिरवी शेतं. बांधाच्या कडेला चिंबोरीचं एक ताजं बीळ दिसलं. पाहुणीनं बोलता बोलताच माती त्यात लोटली आणि बुटाच्या टाचेनं ती घट्ट दाबली. तिच्या लक्षातही आलं नसावं. पोरांच्या आलं.

"हॉलंडचीच हाय," त्यांनी आपसात ठरवून टाकलं.

त्यानंतरच्या शनिवारी मंगोलिया होता. मी या वेळी चांगली तयारी केली, सहा पानं छापून आणली, आणि सुरुवातीलाच सांगितलं, "मी इथे गेलेली नाही. यात लिहिलंय तेवढंच सांगणार आहे."

वाचायला लागले. लोकसंख्या, राजधानी, घोडे, लोकरीचे तंबू. मंगोलियाला समुद्र नाही म्हटल्यावर थोडी हालचाल झाली. "जरापन न्हाय?" जरासुद्धा नाही. "मंग बांध?" बांधही नाही. एवढं झाल्यावर त्यांचा त्या देशातला रस संपला. कोणी जांभया देत होतं, कोणी पुढचीच्या वेणीला रिबिनीची गाठ मारत होतं. वकील खिडकीबाहेर बघत होता. खरं बोलताना एवढं एकटं वाटतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या पानावर पहिल्या बाकावरून हात वर झाला. या वेळी रीतसर.

"बाई," ती म्हणाली, "तुम्ही मंगोलियाला गेलेल्या, असं सांगा ना. मी मोबाईलवर बघनार न्हाय."

जांभया थांबल्या. रिबीन थांबली. खिडकीकडचं तोंडही माझ्याकडे वळलं, आठवड्यात पहिल्यांदा. सगळा वर्ग वाट बघत होता. मी शेवटी नाही म्हणाले, पण तेवढं म्हणायला मला फार वेळ लागला.